बिडी नाही, नुसती तंबाखू: मग प्रतिकारशक्तीचं काय?

प्रश्न: "अमळनेर तालुक्यातला कापूस उत्पादक शेतकरी आहे, वय ४१. बिडी-सिगारेट आयुष्यात ओढली नाही, पण पंधरा-सोळा वर्षांपासून चुना-तंबाखू आहे, दिवसाला सात-आठ वेळा. वडिलांना टीबी निघाला, गोळ्या चालू आहेत. मला सर्दी-खोकला सारखा होतो. मागे दाढ काढली तर खड्डा भरायला तीन आठवडे गेले. पुण्याचा भाचा म्हणतो, निकोटीनने अंगातली सूज कमी होते, परदेशात त्याचा औषध म्हणून अभ्यास झालाय. बायकोने निकोटीनची च्युइंगम आणून ठेवलीय, पण तीही निकोटीनच ना? निकोटीन प्रतिकारशक्ती कमी करतं की नाही, तेवढं सरळ सांगा."

सरळ सांगतो भाऊ, पण "कमी करतं" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टाकी येते. पाणी उतरावं तशी प्रतिकारशक्ती उतरली आणि रक्त तपासलं की कळलं! तसं होत नाही. तुमचं रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी बहुधा ठीक येतील. बिडी ओढणाऱ्यांच्या तर नेहमीपेक्षा जरा जास्तच येतात, आणि रिपोर्ट हातात घेऊन ते मलाच ऐकवतात, "साहेब, पावर तर भारी निघाली." पेशी असतात हो. त्या वेळेवर उठत नाहीत, उठल्या तर बोंब ठोकत नाहीत, आणि कधी कधी नको तिथे तोडफोड करतात. केळीच्या बागेत जागल्या ठेवलाय, खाट आहे, बॅटरी आहे, काठी आहे, फक्त कुणीतरी त्याला दिवसातून सात-आठ वेळा गुंगीचं काहीतरी चारतंय. सकाळी हजेरी घेतली तर जागल्या हजर.

मी धुळ्याला छातीच्या आजारांची प्रॅक्टिस करतो, सव्वीस वर्षं झाली. तुमच्यासारखा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो, बहुतेक वेळा अहिराणीत: "साहेब, मी बिडी पेत नही, फक्त तमाखू खास." त्यातला 'फक्त' हा शब्दच मला नेहमी खटकतो. त्याच्याकडे येईनच, आधी निकोटीन काय करतं ते बघू.

सुरुवात तुमच्याच शेतातून करू. तंबाखूचं झाड निकोटीन मुळांत बनवतं आणि पानांत साठवतं, किडीने पान खाऊ नये म्हणून. पूर्वी शेतकरी तंबाखूचा काढा करून पिकावर मारायचे तो याच कारणाने. आज तुम्ही कपाशीवर मावा-तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड किंवा ॲसिटामिप्रिड मारत असाल, तर त्या गटाचं नावच निओनिकोटिनॉइड आहे, म्हणजे निकोटीनच्या धर्तीवर बनवलेली नवी औषधं. ती किडीच्या मज्जातंतूवरच्या ज्या कुलपात जाऊन बसतात, त्याच जातीचं कुलूप माणसाच्या अंगात आहे. ही नवी औषधं किडीच्या कुलपात घट्ट बसतात आणि आपल्या कुलपात सैल, पण निकोटीन आपल्या कुलपातही चपखल बसतं. पाठीवर पंप घेऊन माव्यावर फवारा मारायचा आणि मग बांधावर बसून मावा खायचा, हा विनोद मी ओपीडीत शेकडो वेळा केलाय. सगळे हसतात, पुडी खिशातच राहते.

या कुलपाला आम्ही रिसेप्टर म्हणतो. गंमत म्हणजे पेशीवर असं काही कुलूप असावं ही कल्पना ज्या प्रयोगांतून पुढे आली, त्यांत निकोटीनच वापरलं होतं. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये ती मांडली. त्या कुलपाची शरीराची स्वतःची किल्ली म्हणजे ॲसिटिलकोलिन, मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोचवणारं रसायन. निकोटीन ही डुप्लिकेट किल्ली. बराच काळ असं वाटत होतं की हे सगळं मेंदू, नसा आणि स्नायूंपुरतं आहे. नंतर हीच कुलपं रोगप्रतिकाराच्या पेशींवरही सापडली: जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींवर, जंतूची ओळख पटवून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशींवर, आणि ओळख पटलेल्या जंतूला लक्षात ठेवून लढणाऱ्या टी आणि बी पेशींवर. म्हणजे तंबाखूची चिमूट ओठात गेली की निरोप फक्त मेंदूला जात नाही, पहाऱ्यावरच्या सगळ्या शिपायांना जातो.

निरोप काय जातो, हे अमेरिकेतल्या केविन ट्रेसी यांच्या गटाने उलगडलं. मेंदूतून निघून छाती-पोटात उतरणारी एक लांब नस आहे, व्हेगस. २००० साली त्यांनी उंदरांमध्ये दाखवलं की ही नस उत्तेजित केली तर जंतूंच्या विषामुळे उसळणारी दाहाची, म्हणजे भाचा म्हणतो त्या सुजेची, लाट ओसरते. २००३ मध्ये त्यामागचं कुलूपही नेमकं सापडलं, त्याला अल्फा-सात म्हणतात. मॅक्रोफेजवरचं अल्फा-सात उघडलं की ती पेशी टीएनएफ नावाचं धोक्याची घंटा वाजवणारं रसायन कमी सोडते. ही सोय शरीराने उगाच केलेली नाही. जंतूंशी लढताना दाह हाताबाहेर गेला तर जंतूंआधी दाहच माणसाला मारतो. आयसीयूत आम्ही ते रोज बघतो. घंटा वाजायला हवी तशी ती थांबायलाही हवी.

म्हणजे तुमचा भाचा खोटं बोलत नाही. निकोटीन दाह दाबतं, हे खरंच आहे.

पण फरक कुठे आहे बघा. शरीराची स्वतःची किल्ली कुलपात काही क्षणच राहते. तिचे तुकडे करायला तिथेच एक एन्झाइम तयार बसलेलं असतं, ते निरोप पोचताच किल्ली मोडून टाकतं. निकोटीनला ते एन्झाइम हात लावू शकत नाही. निकोटीन संपायचं ते यकृतात, आणि रक्तातलं निम्मं निकोटीन जायला साधारण दोन तास लागतात. तुम्ही दिवसाला सात-आठ वेळा खाता, म्हणजे दर दोन तासांनी. पहिलं निम्मं उतरतं न उतरतं तोच दुसरं चढतं, आणि संध्याकाळपर्यंत पातळी चढत जाते. कन्नड घाट उतरताना ब्रेक दाबावाच लागतो. पण चाळीसगाव ते धुळे सपाट रस्त्यावर पाय ब्रेकवरच ठेवून गाडी चालवली तर? लायनर जळतात, आणि खरा घाट येतो तेव्हा ब्रेक लागत नाही. पंधरा वर्षांत तुमच्या पेशी जाग्या असतानाच्या तासांत या किल्लीपासून मोकळ्या क्वचितच राहिल्या असतील.

दीर्घकाळ निकोटीन दिलेल्या उंदरांमध्ये आणि घुशींसारख्या मोठ्या उंदरांमध्ये टी पेशींना जंतूची खूण दाखवली तरी त्या हव्या तशा खवळत नाहीत, अँटिबॉडी कमी बनतात. डेंड्रिटिक पेशी सुस्तावतात. त्यात निकोटीन अॅड्रिनल ग्रंथीला चाळवतं, अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, आणि कॉर्टिसॉल म्हणजे शरीराचं घरचंच, प्रतिकार दाबणारं स्टेरॉइड. आणि ज्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या बघून बिडीवाले खूष होतात, त्यांना निकोटीन भलतंच काही करायला लावतं: त्या आपल्याच डीएनएची जाळी बाहेर फेकतात. जंतू अडकवायला ही जाळी चांगली, पण कारण नसताना फेकली की शेजारच्या चांगल्या ऊतींनाच इजा करते. एकीकडे झोप, दुसरीकडे उगाच मारामारी. म्हणूनच "कमी की जास्त" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

आता तो 'फक्त'.

वैद्यकीय पुस्तकांत या विषयावर जे लिहिलेलं असतं ते बहुतेक सिगारेटबद्दल असतं, आणि आपल्याकडचं चित्र उलटं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, आणि तोंडाने तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे चारातला एक. धुराचे जे स्वतंत्र गुन्हे आहेत ते तुमच्या नावावर नाहीत, हे मान्य. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे झाडू असतात, ते सतत कचरा वर ढकलत असतात. धुराने ते लुळे पडतात. कार्बन मोनॉक्साइड, डांबर, हेही तुमच्या वाट्याला नाही. पण निकोटीन तुमच्या वाट्याला बिडीवाल्यापेक्षा कमी येतं असं समजू नका. चुना कशासाठी लावता? चव आणि झणका, असं सगळे सांगतात. खरं काम वेगळंच आहे. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होते, आणि अल्कधर्मी झाली की निकोटीन मोकळं होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. शिवाय चुना ती त्वचा रोज थोडी थोडी भाजतो. बिडीतलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि पटकन उतरतं. गालातल्या चिमटीचं हळू चढतं, पण तासभर टिकून राहतं.

आणि तंबाखूत निकोटीन एकटं नसतं. वाळवताना-आंबवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात, कॅन्सरचा मुख्य दोष त्यांच्याकडे जातो. निकोटीनला स्वतःला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने कॅन्सरकारक ठरवलेलं नाही. तोंडाने घ्यायच्या तंबाखूला ठरवलंय, सुपारीलाही. हा फरक लक्षात ठेवा, च्युइंगमच्या वेळी कामाला येईल. पण कॅन्सरची पहिली बिघडलेली पेशी ओळखून संपवायचं कामही याच पहारेकऱ्यांचं असतं. एका हाताने आग लावायची आणि दुसऱ्या हाताने जागल्याला झोपवायचं, हे दोन्ही एकाच पुडीत होतं.

तुमच्या दाढेचा खड्डा. जखम भरायला रक्त लागतं, रक्तातून प्राणवायू आणि पांढऱ्या पेशी यायला लागतात. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं. जखम भरायची पहिली पायरीच दाहाची असते, म्हणजे लाली, गरमी, थोडी सूज. ती नीट झालीच नाही तर पुढच्या पायऱ्या रेंगाळतात. म्हणूनच मोठ्या ऑपरेशनआधी सर्जन चार आठवडे तंबाखू बंद करायला सांगतात. पेशंटला वाटतं हा नुसता उपदेश आहे. तुम्ही दाढ काढल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच बाजूला नाही तर दुसऱ्या बाजूला चिमूट ठेवली असणार. विचारत नाही, मला माहीत आहे. निकोटीनला डावं-उजवं कळत नाही, ते रक्तातूनच खड्ड्यापर्यंत पोचतं.

हिरड्यांचं तर मोठं फसवं प्रकरण आहे. तंबाखूवाल्याच्या हिरड्यांतून रक्त बरेचदा कमीच येतं, म्हणून त्याला वाटतं दात ठणठणीत आहेत. खाली हाड झिजत असतं, खिसे तयार होत असतात, पण रक्तवाहिन्या आकसलेल्या आणि दाह दाबलेला, त्यामुळे लाली नाही, रक्त नाही, ठणका नाही. गावातला माणूस म्हणतो, "तमाखूमुये दात दुखत नहीत." बरोबर आहे, दुखत नाहीत. एक दिवस ते हलायला लागतात.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीची सात-आठ वर्षं मी केसपेपरवर पुरुषांना "बिडी-सिगारेट-तंबाखू?" असं विचारायचो आणि बायकांच्या कागदावर न विचारताच "व्यसन नाही" लिहून टाकायचो. साक्री भागातल्या एक पन्नाशीच्या बाई होत्या, शुगरच्या. पायाला साधी बाभळीच्या काट्याची जखम, ती दोन महिने भरेना. शुगर आटोक्यात आणली, अँटिबायोटिक बदलली, ड्रेसिंग रोज. शेवटी एकदा सून सोबत आली होती, ती सहज बोलून गेली, "आत्याबाई दिवसातून चार वेळा मिसरी लावतात, सकाळची तर पाऊण तास चालते." मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. बाईंच्या मते तो दात घासायचा प्रकार होता, व्यसन नव्हतंच, त्यामुळे त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. न विचारण्याची चूक माझी. तेव्हापासून मी बायकांनाही विचारतो, आणि "तंबाखू" हा शब्द न वापरता "दात कशाने घासता?" असं विचारतो. नंदुरबारच्या वरच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, सिकलसेलचे (रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) पेशंट असतात, त्यांच्याकडे तर हे खोदून विचारायलाच हवं. त्यांना जंतुसंसर्ग आधीच लवकर होतो, आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या त्यांना मुळीच परवडत नाहीत. गरोदर बाईची मिसरी हा अजून वेगळा विषय. कमी वजनाचं मूल आणि पोटातच दगावणारं मूल, दोन्हींचा धोका वाढतो, एवढंच इथे सांगतो.

आता वडिलांचा टीबी, कारण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात काळजीची गोष्ट ती वाटते. सर्दी-खोकल्याची नाही.

टीबीचा जंतू फुफ्फुसात जातो तेव्हा मॅक्रोफेजच त्याला गिळते. इतर जंतूंना ती गिळून पचवते, हा जंतू मात्र तिच्या पोटातच बिऱ्हाड करून राहतो. पचवायचं की बिऱ्हाड होऊ द्यायचं, या झटापटीवर सगळं ठरतं. बहुतेक लोकांत मॅक्रोफेज आणि टी पेशी मिळून जंतूंभोवती गाठीचं कुंपण घालतात आणि जंतू वर्षानुवर्षं आत कोंडून पडतात. तो माणूस आजारी नसतो, कुणाला लागणही देत नाही. कुंपण ढिलं झालं की आजार होतो. धूम्रपानाने टीबीचा आजार होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. हा आकडा धूम्रपानाचा आहे. तो तंबाखू खाण्यावर जसाच्या तसा लावणं बरोबर नाही, आणि तसं सांगून तुम्हाला घाबरवणारही नाही. पण प्रयोगशाळेत माणसाच्या मॅक्रोफेज पेशींना टीबीचे जंतू आणि नुसतं निकोटीन एकत्र दिलं तेव्हा जंतू जास्त वाढले, कारण पेशीची आतलं पचवण्याची यंत्रणाच निकोटीनने मंदावली. धूर नव्हता, डांबर नव्हतं. नुसतं निकोटीन.

घरात टीबीचा पेशंट, एका छताखाली झोपणं, आणि अंगात दिवसभर निकोटीन. म्हणून खोकला आहे म्हणून नव्हे, तर खोकला नसता तरी तुम्ही आणि घरातल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्यायची. वडिलांच्या गोळ्या ज्या सरकारी केंद्रातून मिळतात तिथेच थुंकी आणि एक्स-रे होईल. आजार नाही हे पक्कं झालं तर टीबी टाळायच्या गोळ्याही तिथेच मिळतात, घरातल्या माणसांसाठी त्या फुकट आहेत. आणि वडील तंबाखू घेत असतील तर त्यांचीही बंद करा. तंबाखू, विशेषतः बिडी-सिगारेट, चालू ठेवणाऱ्यांचे उपचार अर्धवट सुटण्याचं आणि टीबी पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त असतं.

सर्दी-खोकल्याबद्दल थोडक्यात. तो निकोटीनमुळेच आहे असं मी म्हणणार नाही. जिनिंगचा कपाशीचा भुरका, फवारणी, धुळ्याची धूळ, ॲलर्जी, कितीतरी कारणं असतात. छाती तपासल्याशिवाय कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

भाच्याकडे परत येतो, कारण त्याने वाचलेलं अर्धवट का होईना, खरं आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा मोठ्या आतड्याचा आजार आहे, दाहाचा. तो सिगारेट ओढणाऱ्यांत कमी दिसतो, आणि सिगारेट सोडल्यावर काही जणांत उफाळतो. त्यावरून १९९४ मध्ये निकोटीनच्या पट्ट्या लावून पाहिल्या, काहींना फायदा झाला, मळमळ-चक्कर अशा तक्रारीही आल्या. पण त्याच जातकुळीचा क्रोन्स नावाचा आजार धूम्रपानाने बिघडतो. संधिवाताचा आमवात हा प्रकारही धूम्रपान करणाऱ्यांत जास्त होतो. एकाच घरातले तीन दाह, आणि तिघांचा हिशेब वेगळा. २०२० मध्ये करोना आला तेव्हा फ्रान्समधून बातमी आली की निकोटीन कदाचित वाचवत असेल, आणि आमच्याकडे व्हॉट्सॲपवर ती दोन दिवसांत पोचली. एक जण मला फोन करून म्हणाला, "साहेब, आता तरी म्हणा तंबाखू खा." पुढे तिकडेच व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना निकोटीनच्या पट्ट्या लावून रीतसर चाचणी झाली. मृत्यू कमी झाले नाहीत. ती बातमी मात्र व्हॉट्सॲपवर आली नाही.

भाच्याला एवढंच सांगा की औषध म्हणून अभ्यास होतो तो मोजून दिलेल्या निकोटीनचा, एका ठरावीक आजारात, ठरावीक दिवस. चुन्यात मळलेल्या चिमटीचा नाही. त्याच्या पिढीतली पोरं 'व्हेप' घेऊन हिंडतात, त्यांनाही तेच. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे आणि त्यातही निकोटीन असतंच.

आता च्युइंगम. तीही निकोटीनच ना, हा तुमचा प्रश्न चुकीचा नाही, आणि वर इतकं वाचल्यावर तो अजून टोकदार झाला असेल. उत्तर असं: हो, निकोटीनच आहे. पण त्यात नायट्रोसामाइन जवळजवळ नाहीत, चुन्याची भाजणी नाही, धूळमाती नाही. मात्रा ठरलेली, दोन मिलिग्रॅम किंवा चार, आणि त्यातलंही सगळं अंगात जात नाही. मुख्य म्हणजे ती बारा आठवड्यांत संपवायची असते. पंधरा वर्षांच्या आणि उरलेल्या आयुष्यभराच्या निकोटीनसमोर तीन महिन्यांचं उतरतं निकोटीन. जागतिक आरोग्य संघटनेने ती २००९ पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलीय. मी ती बिनदिक्कत देतो.

फक्त ती खायची पद्धत कुणी सांगत नाही, आणि मग लोक म्हणतात "काही उपयोग झाला नाही". बबलगमसारखी चघळायची नसते. सावकाश चावायची, तिखट-झिणझिणी लागली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. हे तुम्हाला शिकवायची गरज नाही, सवय आहेच. झिणझिणी गेली की पुन्हा चार वेळा चावायची, जागा बदलायची. साधारण अर्धा तास. भराभर चावली तर निकोटीन पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं. आधी पंधरा मिनिटं आणि चघळताना चहा, लिंबूसरबत, सोडा काही नको. आंबटामुळे निकोटीन गालातून आत जात नाही. चुन्याचा उलटा हिशेब. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग तीन आठवडे दोन ते चार तासांनी, मग शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. तुम्ही दिवसात सात-आठ वेळा खाता, बहुधा दोनची पुरेल. सकाळी उठल्या उठल्या अर्ध्या तासात चिमूट लागत असेल तर चारची लागेल, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्या. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर विचारल्याशिवाय नको. आणि तोंड पूर्ण उघडत नसेल, तीन बोटं उभी जात नसतील, तर च्युइंगम राहू द्या आणि आधी तोंड दाखवा. ते बहुतेक सुपारी-गुटख्यावाल्यांत होतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याच्या पुड्या मला पेशंटच्या खिशांत आजही दिसतात.

सोडल्यावर काय होईल, ते आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तिथेच फसाल. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तोंड येऊ शकतं. हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. सर्दी-घसा उठू शकतो. चिडचिड आणि बद्धकोष्ठ तर होतंच. मग बांधावर कुणीतरी म्हणणार, "तुले तमाखू मानेल व्हती, सोडी म्हणून व्हयनं." (तुला तंबाखू मानवली होती, सोडली म्हणून हे झालं.) माझे निम्मे पेशंट याच वाक्यावर परत फिरतात. लक्षात घ्या, हिरडी आज बिघडली नाही. ती पंधरा वर्षं बिघडत होती, आता तिला बोलता यायला लागलं. रक्त आलं की दातांच्या डॉक्टरांकडे जायचं, पुडीकडे नाही.

किती भरून निघतं? पॅरिसच्या पाश्चर संस्थेने हजार निरोगी लोकांच्या रक्तावर केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये आला, सिगारेटवरचा. त्यात असं दिसलं की सोडल्यावर दाहाचा बिघाड लवकर ताळ्यावर येतो, पण टी पेशींची जी 'आठवण' असते तिच्यातला बदल पुढे कित्येक वर्षं रेंगाळतो, कारण पेशींच्या डीएनएवर खुणा राहून जातात. जितकी वर्षं आणि जितकी मात्रा जास्त, तितक्या खुणा जास्त. तुम्ही ४१ चे आहात, ५१ ला सोडण्यापेक्षा आत्ता सोडणं का बरं, ते यात आलं.

एक शेवटचं. वेचणीच्या ऐन हंगामात सोडायचा मुहूर्त काढू नका, तेव्हा मजुरांबरोबर दिवसभर डबी फिरते. वेचणी उरकू द्या, पण वडिलांच्या केंद्रावरची तपासणी याच आठवड्यात करा, तिला हंगाम नसतो. फोनवर कुणाशी बोलायचं असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत लाइन आहे. आणि माझ्याकडे किंवा जवळच्या कुठल्या डॉक्टरांकडे याल तेव्हा सालदारालाही सोबत आणा. सात-आठपैकी निम्म्या चिमट्या त्याच्याच डबीतल्या असतील, तुमची बंद झाली आणि त्याची चालू राहिली तर आठ दिवस निघणार नाहीत.